आई मनोऱ्यात गेली तेव्हा

अण्णा गेले आणि देवासच्या आमच्या घरातली पूजेची घंटा थांबली. सुतकात पूजा नसतेच. पण तेरावा झाला, सुतक फिटलं, तरी आईनं ती उचलली नाही. देवांवर मुकाट्यानं पाणी घालायची आणि उठायची. एकदा तिन्हीसांजेला ती गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकलेली दिसली. "काय बघतेस?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही." तेव्हापासून मी तिला एकटं सोडत नव्हते.

अण्णा इतिहासाचे शिक्षक. शाळेत मांडूचे महाल शिकवायचे आणि घरी गोव्यातल्या एका जुन्या चर्चचं चित्र बघत बसायचे. तिथं जायचं राहून गेलं. वर्षभर तीर्थयात्रा नको, असं नातेवाईक म्हणाले. चर्चबद्दल कुणाकडे नियम नव्हता. म्हणून मी आईला घेऊन निघाले. गाडीत तिनं विचारलं, "परतीचं तिकीट माझंही काढलंस?" हो म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

चर्च बाहेरून पांढरं, साधं. आत मात्र बरोक शैलीचा सगळा थाट होता: पिळाचे खांब, सोनेरी वेदी, गुबगुबीत देवदूत. चित्रात हे नव्हतं. अण्णांना काय काय सांगता आलं असतं, या विचारात मी मान वर करून बघत राहिले. मान खाली केली तर बाकावर आईची पिशवी होती, आई नव्हती.

देवळात काढाव्यात तशा तिनं दाराशी चपला काढल्या होत्या. त्या तिथंच होत्या. म्हणजे ती बाहेर गेली नव्हती. कोपऱ्यात मनोऱ्याचं दार रंगकामासाठी उघडं ठेवलेलं दिसलं.

जिना गोल आणि अंधारा. मी हाका मारत चढत होते. उत्तर येईना. वरच्या कमानींना कठडा असेल का, एवढंच डोक्यात. गच्चीवरची तिची वाकलेली पाठ डोळ्यांसमोरून हलेना.

तेवढ्यात घंटेचा टोल पडला. एकच. भिंत धरून मी भराभर चढू लागले. मागून चौकीदार धापा टाकत आला आणि मला ओलांडून वर गेला.

मी पोचले तेव्हा आई घंटेखाली उभी होती, डोक्यावर पदर, हातात दोर. देवासच्या टेकरीवर देवीच्या दारात उभी राहते तशी.

"अम्मा, ये मंदिर नहीं है!" चौकीदार ओरडला. "पूरा गाँव दौड़ के आएगा. ये घंटी बेवक्त बजे तो लोग समझते हैं, कोई मर गया."

"वही तो हुआ है, भिया," आई म्हणाली.

तो माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. त्यानं तिच्या हातातून दोर हळूच काढून घेतला आणि म्हणाला, "संभल के उतरना, अम्मा."

"आई, ओ का नाही दिलीस?"

"ऐकू आलं नाही गं. आणि आपण आलोय हे आधी सांगायला नको का?" कुणाला, ते तिनं सांगितलं नाही.

उतरताना तिनं माझा खांदा घट्ट धरला होता. मध्येच थांबली. मला वाटलं, गुडघा.

"घरची घंटा काळी पडली असेल," ती म्हणाली. "गेल्या गेल्या चिंच भिजत घाल."