दादाचं विमान आणि ताईचा मुहूर्त

ताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी रत्नागिरीच्या कॉलेजात मला ऑफिसातून बोलावणं आलं. मस्कतहून दादाचा ट्रंककॉल होता. "विमान सुटलंच नाही. उद्या सकाळी मुंबईला उतरेन. माझ्यासाठी लग्न अडवू नका."

देवरूखजवळच्या आमच्या गावी जाऊन मी निरोप सांगितला. ताई एवढंच म्हणाली, "नवरदेवाचा कान तू पीळ हवा तर. पण अक्षता पडताना दादा समोर पाहिजे." आईवडील लवकर गेले, तिला दादानेच वाढवलं होतं.

मुहूर्त दुपारचा. घरात कॉलेज शिकणारा मी एकटा, म्हणून वरपित्याशी बोलायला मलाच पुढे केलं. त्यांच्यापुढे उभा राहिलो. कसंबसं म्हणालो, "काका, संध्याकाळचा गोरज मुहूर्त चालेल काय?"

कारण ऐकून ते हसले. "एसटीसाठी जन्मभर ताटकळलो, आता विमानासाठी! थांबू की. वऱ्हाडाचा चहा तेवढा बंद करू नका."

मुंबईहून आमच्याकडे यायला थेट एसटी रात्रीचीच होती; दिवसा गाड्या बदलत दादा गोरजापर्यंत पोचेल याची खात्री नव्हती. तरी ऊन उतरताना अंगणाखाली मोटार थांबली आणि दादा उतरला. ताई त्याला बिलगून रडली.

कपडे बदलता बदलता त्याने आम्हांला सांगितलं. मुंबईत विमानकंपनीच्या साहेबाने विचारलं होतं, "घरापर्यंत गाडी देऊ?" आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही. दादा म्हणाला, "राहू दे, कशाला त्रास." साहेब वळून चालू लागला. तो पुन्हा विचारेल म्हणून दादा तिथेच उभा! विमानात शेजारी बसलेली केरळची एक नर्स साहेबामागे धावली आणि गाडी घेऊनच परतली. मग तिने दादाला झापलं, "उशीर त्यांनी केला. हक्काचं घ्यायला लाजतोस काय?" तिचं स्वतःचं कोचीनचं विमान चुकलं होतं.

उशिरामुळे होणाऱ्या नुकसानीला विमानकंपनी जबाबदार असते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. त्या दिवशी ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या बाईंचं नावही दादाने विचारलं नव्हतं.

अक्षता पडल्या. गावच्या मानकऱ्यांनी नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घातलं. नवरानवरीचं सुख मागून झालं तशी ताई मानकऱ्यांकडे झुकून काही पुटपुटली. त्यांनी नारळ पुन्हा वर धरला.

"आनि त्या केरळच्या पोरीलाबी सुखरूप घरी पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो, वऱ्हाडीसुद्धा.