चोळायचं नाही

आमच्या आयसीयूतल्या मावशींना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. उलट मोठमोठे डॉक्टर त्यांना बिचकून असत. वीस वर्षं त्यांचं काम एकच: ज्या पेशंटना स्वतःहून हलता येत नाही, त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते. आधी लाल होते, मग फुटते, आणि ती जखम कधीकधी मूळ दुखण्याच्या आधी माणसाला घेऊन जाते. वेळ तक्त्यात लिहायची आम्ही सिस्टर लोकांनी, खरी उचलाउचल मावशींची. जरा उशीर झाला की माझ्यावर खेकसायच्या, "सिस्टर, पेन मागाहून चालवा, आधी हात लावा." इन्चार्ज मी, आणि ओरडा मलाच! पण मुकाट्याने उठायचे. त्यांचं बरोबर असायचं.

घरच्या गोष्टी सांगताना त्या नवऱ्याची फार टर उडवायच्या. गडी बस चालवून निवृत्त झालेला. "आमच्या ह्यांना खुर्चीतून हलवायला तुम्हा चौघी सिस्टर लागतील," म्हणायच्या.

आणि एका सकाळी तेच चार नंबरच्या बेडवर आले. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, नळीवाटे श्वास, औषधाने झोपवलेले. मी मावशींना दुसऱ्या बाजूची ड्युटी देऊ केली. त्यांनी ऐकलंच नाही.

पहिल्यांदा त्यांच्या नवऱ्याला डाव्या कुशीवर घेतलं आणि ब्लडप्रेशर धाडकन खाली आलं. मशीन कोकलायला लागलं. तव्याचा चटका बसल्यासारखे मावशींनी हात मागे घेतले. "नको सिस्टर. आज राहू द्या." दोन तासांनीही तेच. आणखी दोन तासांनीही तेच. मी इन्चार्ज म्हणून जबरदस्ती करायला हवी होती. पण खरं सांगते, मीही हात लावला नाही. वळवताना माणूस आपल्या हातात गेला तर, या भीतीपुढे कातडीची कुणाला आठवण राहते?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ पुसताना माकडहाडावर डाग दिसला. बाटलीच्या झाकणाएवढा, लाल. मी अंगठा दाबला आणि उचलला. कातडी क्षणभर पांढरी पडली तर आत रक्त खेळतंय असं समजायचं. ती पांढरी पडली नाही.

मावशींनी पाहिलं. त्यांचा तळवा त्या डागाकडे गेला आणि वर अधांतरी थांबला. मग त्या स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"सिस्टर, माझ्या हातांवर लक्ष ठेवा."

मला काही कळलं नाही. डॉक्टर आले, म्हणाले एकदम वळवू नका, थोडं थोडं कलवा. आम्ही त्यांच्या पाठीमागे फोमची पाचर सरकवली, बोटभर. थांबलो, प्रेशर पाहिलं, अजून बोटभर. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली उशी. एका बाजूला कलवायला पंधरा मिनिटं, आणि त्या पंधरा मिनिटांत मावशी श्वाससुद्धा मशीनला विचारून घेत होत्या.

चार वाजता भेटीच्या वेळी त्यांची नणंद आली. पिशवीत कोमट तेलाची बाटली. माझी पाठ वळलेली होती, तेवढ्यात बाईंनी चादर बाजूला करून दादाच्या कमरेला हात घातला.

"किती लाल झालंय गं वहिनी! तुझ्या हाताला एवढा गुण आहे, आणि आपल्याच माणसाला जरा चोळून देऊ नये?"

"हात काढा, वन्सं!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मावशींनी नणंदेचं मनगट घट्ट धरलं होतं.

"चोळायचं नाही. लाल झालेलं चोळलं की आतलं मांस फाटतं. मला माहीत होतं. इथे सांगितलं होतं, भिंतीवर कागद लावला होता. पण माझ्या हाताला जुनी सवय. चार वर्षांपूर्वी याच बेडवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचा डाग मी पावडर लावून चोळला, अगदी मायेने चोळला. तिसऱ्या दिवशी तिथे मूठ जाईल एवढा खड्डा. बाई गेल्या. आणि त्यांची मुलगी मला म्हणाली, मावशी, तुम्ही आईचं किती केलंत." त्यांनी मनगट सोडलं. "मी गप्प बसले, वन्सं. मला भीती वाटते, ते आता माझ्या घरात फेडून घेतलं जाणार."

नणंदेने बाटली पिशवीत ठेवली आणि भावाच्या पायाशी उभी राहिली. कलवायची वेळ झाली होती. ती पाचर त्या दिवशी नणंदेने धरली.

पुढचे दोन दिवस आम्ही जीव मुठीत धरून काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी म्हणाल्या, "तुम्ही दाबा. माझ्याने होणार नाही." मी त्यांचाच अंगठा धरून डागावर ठेवला. दाबला. उचलला.

कातडी पांढरी पडली. मग हळूच लाली परत आली.

मावशी रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. चादर सारखी केली, हात धुतले आणि माझ्या टेबलापाशी आल्या.

"सिस्टर, त्या म्हाताऱ्या बाईंच्या मुलीचा नंबर जुन्या फायलीत असेल ना? मला तिला सांगायचंय."

कपाटातून फाईल काढली. नंबर पहिल्याच पानावर होता. पण मी पुढची पानं उलटत गेले, त्या दिवसांच्या तक्त्यापर्यंत. डाग दिसला त्या तारखेसमोर लिहिलं होतं: "पाठ लाल. मालीश केले." अक्षर माझं होतं. भिंतीवरचा कागदही मीच लावला होता.

मावशी फोन हातात घेऊन माझ्याकडे बघत होत्या.

"द्या इकडे," मी म्हटलं. "आधी मी बोलते."