पंख्याची बर्फगाडी

आमच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे. टार्निट नावाच्या उपनगरातलं हे घर घेताना एजंटने गॅरेज फार कौतुकाने दाखवलं होतं. गाडी मात्र पहिल्या दिवसापासून बाहेर ड्राइव्ह-वेवर उन्हापावसात उभी. आत बायकोच्या दिवाळीच्या माळांची खोकी, लेकीची लहान झालेली सायकल, आणि गेले दोन हिवाळे एका फळीवर हातभर लांबीची लाकडी पेटी. पेटीखाली तीन पट्ट्या, मागे विमानासारखा पंखा. येणारेजाणारे विचारतात, ‘बोट आहे का?’ मी म्हणतो, रणगाड्याचा चुलतभाऊ.

हे खूळ माझं नाही, बाबांचं. बाबा पुण्यात खडकीला एका कारखान्यात फिटर होते. रविवारी सकाळी जुन्या बाजारात जायचे आणि आईच्या शिव्या खायला म्हणून काहीतरी घेऊन यायचे. मी सातवीत असताना त्यांनी लष्करी गाड्यांच्या चित्रांचं एक रशियन पुस्तक आणलं. त्यातल्या एका पानावर ही गाडी होती. चाकं नाहीत, पट्टे नाहीत. खाली लांब स्की, वर प्लायवूडची पेटी आणि पाठीवर विमानाचं इंजिन. कारखान्यातल्या, रशियाला जाऊन आलेल्या एका साहेबांकडून बाबांनी ते पान वाचून घेतलं. दुसऱ्या महायुद्धात जिथे ट्रक रुतायचे आणि घोडे पोटापर्यंत बुडायचे, तिथे ही गाडी बर्फावरून पळायची. निरोप पोचवायची, जखमींना मागे आणायची, दोरी धरलेल्या, स्कीवरच्या सैनिकांची रांग ओढत न्यायची. पुढे एक मशीनगनही असायची. पण चढावर दमायची, झाडीत तिचं पातं मोडायचं, आणि आवाज एवढा की ती येतेय हे शत्रूला केव्हाच कळलेलं असायचं. बाबांना ती या सगळ्या खोडींसकट आवडायची. आणि या माणसाने जन्मात बर्फ पाहिला तो रसवंतीवरचा, उसाच्या रसात घालायचा.

मी इथे शिकायला आलो, पीआर म्हणजे कायमचा रहिवासी झालो, घर झालं, लेक झाली. या सगळ्या वर्षांत बाबांशी मी फोनवर काय बोललो, असं कुणी विचारलं तर मला खाली मान घालावी लागेल. बोलायची ती आई. तिच्या मागून बाबांचा आवाज यायचा, ‘जेवला का विचार त्याला.’ आई विचारायची, मी हो म्हणायचो, आई त्यांना सांगायची. आमचं बापलेकाचं सगळं बोलणं असं तिच्या हातून जायचं. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि फोन सरळ बाबांच्या हातात आला. पहिल्या रविवारी आम्ही दोघे ‘जेवलास का’ आणि ‘जेवलात का’ एवढं बोललो आणि व्हिडिओ कॉलवर नुसते एकमेकांकडे बघत बसलो. दुसऱ्या रविवारी पावसावर बोलून झालं. तिसऱ्या रविवारी बाबा म्हणाले, ‘बरं, ठेवू मग?’ मला इतकं वाईट वाटलं की मी घाईघाईने म्हटलं, ‘बाबा, ती पंख्याची गाडी आठवते? इथे चार तासांवर बर्फ पडतो. करायची का आपण?’

त्यांना इकडे आणावं ही खरी इच्छा होती. पण त्यांची फुप्फुसं अधू झालेली, विमानाला डॉक्टर नाही म्हणाले. मग ठरलं ते असं: गाडी मी इथे करायची, त्यांनी तिथून सांगायचं, आणि बर्फावर चालवून फोनवर दाखवायची.

तेव्हापासून रविवारी त्यांचे सकाळचे नऊ वाजले की माझ्या गॅरेजमध्ये फोन रंध्याला टेकवून उभा. माझा दुपारचा दीड. ‘संडे आर्वो गेला म्हणजे गेलाच,’ बायको मित्रमंडळींना सांगायची; आर्वो म्हणजे इथली दुपार. मी इंजिनियर आहे, पण स्क्रीनवरचा. लाकडाला हात लावला की बाबा तिकडून डोक्याला हात लावायचे. स्कीसाठी मी स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड कापला, तेव्हा मात्र म्हणाले, ‘हे डोकं आईचं आहे तुझं.’ त्या एका वाक्यावर माझा आठवडा गेला.

घोडं अडलं पंख्यावर. विकतचा पंखा बसवायला बाबांची सक्त मनाई. मी टास्मानियन ओकची फळी आणली. कुठली कड तासायची ते दाखवायला बाबांनी एक सपाट पट्टी फोनसमोर धरली आणि खडूने दोन कडा रंगवल्या. ‘हे एवढं काढायचं. दिसलं?’ दिसलं. मी पाच रविवार तासलं, घासलं, हाताला फोड आणले. सहाव्या रविवारी गाडी गॅरेजच्या फरशीवर ठेवून मोटर सुरू केली. गाडी जी मागे सुटली ती थेट चपलांच्या रॅकमध्ये.

‘आजोबा, इट्स गोइंग बॅकवर्ड्स!’ लेक हसून हसून खाली बसली.

बाबांनी ती पट्टी पुन्हा फोनसमोर धरली. मग हळूच म्हणाले, ‘अरे, फोनमध्ये मी मला उलटा दिसतो ना. उजवा हात डावीकडे. मला वाटलं तुलाही तसंच दिसणार. म्हणून मी खडू मुद्दाम उलट्या कडांना लावला.’

मला ते सरळच दिसत होते. फक्त फोनवरच एकमेकांना बघणाऱ्या माणसांशिवाय ही चूक जगात दुसरं कोण करील? मी म्हटलं, ‘नो वरीज, मोटरच्या वायरी बदलून उलटी फिरवतो.’

‘नको. उलटी फिरली की नट सुटत जाईल. पातं पोरीच्या तोंडावर येईल.’

‘लॉकनट लावतो.’

‘लॉकनटच्या भरवशावर राहिलो असतो तर मला पेन्शन मिळाली नसती. नवीन पातं कर. अति घाई, संकटात नेई.’

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. हिवाळा संपत आला होता, कामावर डोकं उठलेलं होतं, आणि मला हे एकदाचं पुरं करून त्यांना बर्फ दाखवायचा होता. मी म्हणालो, ‘बाबा, तुम्हाला काय घाई असणार? तुम्हाला वेळच वेळ आहे. मला नाही.’

‘खरं आहे,’ बाबा म्हणाले. ‘ठेवू मग?’

पुढच्या रविवारी मी फोन केला, त्यांनी उचलला, आणि आम्ही पावसाबद्दल बोललो. फोन ठेवल्यावर मी गॅरेजमध्ये एकटाच उभा राहिलो. मला आई हवी होती. तिने त्यांना माझ्या वतीने काहीतरी सांगितलं असतं, जे मला अजून येत नाही. मग मी तेवढंच केलं जे येत होतं. दुसरी फळी आणली आणि त्याच्या पुढच्या रविवारी फोन लावून म्हटलं, ‘कुठून सुरू करू?’ बाबा चष्मा पुसत म्हणाले, ‘आधी मधलं भोक.’

नव्या पात्याला जवळजवळ वर्ष लागलं. कधी ते जाड, कधी एका बाजूला जड. बाबा ते दोऱ्याला टांगून दाखवायला लावायचे आणि म्हणायचे, ‘अजून केसभर.’ दर वेळी केसभर. मी मनात चरफडायचो, पण तोंड उघडलं नाही. त्यातच ते मध्येमध्ये बोलायला लागले. आईने लग्नाआधी त्यांना नकार दिला होता, हे मला चाळिशी उलटल्यावर, सँडपेपर हातात असताना कळलं. मी कारखान्यात न जाता परदेशी गेलो, त्या दिवशी ते एअरपोर्टवरून सरळ कामावर गेले आणि दिवसभर एकच नट घासत बसले होते, हेही.

या ऑगस्टमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, मला आणखी थांबवेना. एका रविवारी पहाटे तिघे निघालो, वाटेत बर्फासाठी टायरांना लावायच्या चेन भाड्याने घेतल्या आणि माउंट बुलर गाठलं. वर घसरगुंडीवाल्या पोरांचा गोंगाट. आम्ही बाजूला एक सपाट मोकळी जागा शोधली. फोनला रेंजच्या दोनच काड्या होत्या. त्यात बाबा दिसले, घरातच स्वेटर घालून बसलेले.

‘बर्फ दाखव आधी,’ ते म्हणाले. मी मूठभर उचलून फोनसमोर धरला. ‘वितळतोय,’ ते म्हणाले, जणू माझी चूक असावी.

मग लेकीने रिमोट दाबला. पंखा मिक्सरसारखा किंचाळला, मागे बर्फाचा पांढरा धुरळा उडाला आणि गाडी सुटली. सरळ. जराही न डगमगता, दोरी धरून ओढल्यासारखी सरळ, पार पलीकडच्या कुंपणापर्यंत. मी ओरडलो. अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, ‘गुड ऑन या, मेट!’

फोनमध्ये बाबांचं चित्र गोठलं होतं. मला वाटलं रेंज गेली. मग बाबांचा चेहरा हलला.

‘झाली की रे,’ ते म्हणाले.

‘झाली, बाबा.’

‘छान झाली.’ ते हसले. मग म्हणाले, ‘मग आता पुढच्या रविवारी काय बोलायचं आपण?’

वर्षभर केसभर केसभर करून त्यांनी ते पातं का लांबवलं, ते मला त्या थंडीत एका क्षणात कळलं. हा माणूस मला फार फार हवा होता, फोनमध्ये नाही, इथे शेजारी, बर्फात बूट भिजवत.

‘बाबा, झाली कुठे?’ मी म्हटलं. ‘डावीकडे ओढतेय ती.’

‘बट डॅड, इट वेंट स्ट्रेट!’ लेक म्हणाली. बायकोने तिला हळूच जवळ ओढलं.

‘ओढतेय?’ बाबा फोनच्या जवळ आले. ‘दहा फुटांना किती?’

‘वीतभर.’

‘वीतभर म्हणजे खूप झालं.’ त्यांचा आवाज एकदम कारखान्यातला झाला. ‘तिथे काही हात लावू नकोस. जशी आहे तशी घरी ने. रविवारी बघू.’