छतातले चार स्पीकर

कानवाल्यांचं खरं नाव बायकोला आणि बँकेला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ते कानवाले. ही पदवी त्यांना सिनेमागृहात मिळाली. तिथे बावीस वर्षं त्यांनी आवाजाची यंत्रं सांभाळली. चालू खेळात शेवटच्या रांगेमागे उभं राहून ते म्हणायचे, ‘‘डावीकडचा तिसरा घसा बसल्यासारखा बोलतोय.’’ उघडून बघावं तर त्या स्पीकरचा कागद खरंच फाटलेला असायचा. सिनेमागृह बंद पडल्यावर ते लोकांच्या घरी होम थिएटर बसवायला लागले, आणि बायकोच्या आग्रहाखातर तिच्या धाकट्या भावाला त्यांनी हाताशी घेतलं. मेहुण्याचा हात चांगला होता, जीभ त्याहून चांगली.

काम संपलं की एक सोहळा व्हायचा. कानवाले गिऱ्हाइकाच्या जागेवर जाऊन डोळे अर्धवट मिटून पडायचे. मेहुणा यंत्रावरून चाचणीचा सूं-सूं आवाज एकेका स्पीकरमधून फिरवायचा. समोरून, बाजूने, मागून आणि शेवटी छतातल्या चारांमधून. घरातली माणसं श्वास रोखून उभी. आवाज जागच्या जागी लागला की कानवाले म्हणायचे, ‘‘बसला.’’ एवढंच. स्पीकर कोणीही लावून देतं हो, लोकांना अप्रूप होतं ते या ‘बसला’चं.

चार वर्षांपूर्वी हे कान दगा द्यायला लागले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची घंटा, मग बारीक, उंच पट्टीचे आवाज सगळेच. कानवाल्यांनी बायकोजवळसुद्धा ब्र काढला नाही. सांगितलं फक्त मेहुण्याला. तो गहिवरून म्हणाला, ‘‘भाऊजी, आजपासून तुमचे कान म्हणजे मी.’’ तेव्हापासून छतातला आवाज बरोबर आला की यंत्रापाशी उभा असलेला मेहुणा एक बोट हळूच वर करायचा, आणि कानवाले अर्धमिटल्या डोळ्यांनी ते बघून ‘बसला’ म्हणायचे. आपण लबाडी करतोय असं त्यांना वाटायचं नाही. बोट घरच्याच माणसाचं होतं.

गेल्या वर्षी त्यांनी एका लायब्ररीतल्या बाईंकडे काम केलं. बाईंचे यजमान क्रेन चालवायचे. जन्मभर उंच बसून खाली बघितलेला माणूस पाठीच्या मणक्याला मार लागून कायमचा आडवा झाला होता. बाईंनी त्यांच्या पलंगासमोर मोठा पडदा लावून घेतला, आणि छतात चार स्पीकर पाहिजेतच म्हणाल्या. ‘‘पडद्यावर विमान गेलं तर यांना ते डोक्यावरून गेल्यासारखं वाटलं पाहिजे. दिवसभर नुसतं छतच तर बघतात.’’ कानवाल्यांनी पलंगापासून अंतर मोजून छतावर स्वतः चार खुणा केल्या. पुढचं मेहुण्याने केलं. क्रेनवाल्यांना थोडा वेळ चाकाच्या खुर्चीत बसवून कानवाले त्यांच्या पलंगावर पडले, बोट वर झालं, कानवाले म्हणाले, ‘‘बसला.’’

वर्षभराने बाईंचा फोन आला. मेहुणा सासुरवाडीला गेला होता, म्हणून कानवाले एकटेच गेले. क्रेनवाले चाकाच्या खुर्चीत, बाहेर गॅलरीत उन्हाला बसले होते. बाई अगदी जवळ येऊन, आवाज खाली करून म्हणाल्या, ‘‘यांनी एकच धोशा लावलाय, वरून काही येत नाही. आता तुम्हीच समजवा. तुमचं ऐकतील.’’ आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

कानवाल्यांनी छताचा आवाज सोडला आणि शिडी चढून पहिल्या स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकवला. कान गेल्यापासून एकटे असले की ते असंच करायचे, हाताला थरथर कळते. जाळी थंड होती. त्यांनी ती ओढून काढली. आत स्पीकर नव्हताच. होतं फक्त गोल भोक, आणि पट्टी गुंडाळलेली वायरची दोन टोकं. दुसरी जाळी, तिसरी, चौथी. सगळीकडे तेच. वरचा आवाज मेहुण्याने यंत्रातून भिंतीवरच्या स्पीकरना वळवला होता. बसून ऐकणाऱ्याची फसगत होईल, पण आडव्या माणसाची होणार नाही, असा.

जाळ्या परत लावून कानवाले खाली उतरले. बाई चहा घेऊन आल्या तेव्हा म्हणाले, ‘‘एक वायर ढिली आहे. उद्या येतो.’’ इतकं सरळ खोटं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील. निदान त्यांना तसं वाटलं.

मेहुणा त्याच दुपारी परतला, तो कानवाल्यांना त्यांच्या सामानाच्या गोदामात सापडला. कानवाल्यांनी विचारल्यावर त्याने नाही म्हटलं नाही. कानवाल्यांना त्याचाच जास्त राग आला.

‘‘ते चार दुसऱ्या कामाला लागले, भाऊजी. नंतर टाकू म्हटलं, राहून गेलं. कोणाला कळतंय?’’

‘‘मला कळायला हवं होतं!’’

‘‘हो ना,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘जा, सांगा बाईंना. पण मग हेही सांगा की तुम्ही पलंगावर पडून नक्की काय ऐकलंत.’’

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. जे दुखणं बायकोलाही दाखवलं नाही, ते या माणसाच्या ओंजळीत ठेवलं, आणि त्याने त्यातून स्वतःची सोय करून घेतली. गुपचूप चार स्पीकर आणून लावावेत, असं कानवाल्यांच्या मनात येऊन गेलं. कोणाला कळलं नसतं. अब्रू राहिली असती, कानवाले कानवालेच राहिले असते. पण मग क्रेनवाल्यांना काय वाटलं असतं? की वर्षभर आपल्यालाच भास होत होता. त्या रात्री कानवाल्यांना जेवण गेलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, त्यांनी दोन्ही वेळा पित्तावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी नवे चार स्पीकर घेऊन ते एकटेच बाईंच्या घरी गेले. क्रेनवाले पलंगावर होते. कानवाले शिडी न उघडता त्यांच्या उशाशी उभे राहिले.

‘‘वर काही नव्हतंच. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. तुमचे कान चांगले आहेत, माझे गेलेत. चार वर्षं झाली. माझ्या माणसाने फसवलं, आणि मी न ऐकताच ‘बसला’ म्हणालो.’’

क्रेनवाल्यांनी छतातल्या चारही जाळ्या नजरेने मोजल्या. मग म्हणाले, ‘‘लावा. पण या खेपेला वाजतंय का ते मी सांगेन. तोवर शिडीवरून उतरायचं नाही.’’

कानवाले उतरले नाहीत. चारही जागा नीट लागेपर्यंत खालून हुकूम येत राहिले, थोडा पुढे, थोडा डावीकडे, आणि कानवाले मुकाट्याने स्पीकरचं तोंड वळवत राहिले. शेवटी छतातून विमान गेलं. कानवाल्यांना त्याची नुसती घरघर कळली. क्रेनवाल्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या कानशिलावरून पाणी ओघळून उशीवर गेलं.

बाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. कानवाले शिडी उचलून बाहेर पडले तेव्हा त्या मागोमाग जिन्यापर्यंत आल्या. वाटेल ते ऐकून घ्यायची कानवाल्यांची तयारी होती. बाई मोठ्याने बोलल्या, त्यांना ऐकू जावं म्हणून.

‘‘मी यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. जिना खुर्चीने उतरवता येत नाही, म्हणून स्ट्रेचरवरून, तीन माणसं लावून. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मी डॉक्टर बदलला. दुसरेही तेच म्हणाले. मग मी यांना म्हटलं, तुमच्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय.’’ त्या थांबल्या. ‘‘दोन डॉक्टर खोटे ठरवले मी. नवऱ्याला वेडा ठरवलं. तुमच्यावर मात्र एकदाही शंका घेतली नाही.’’

कानवाल्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आला. बाईंनी दार लावून घेतलं.