उकंडरावची झडती

उकंडरावच्या मुलाचा, गजाननचा, फोन आला तेव्हा मी गळक्या नळावरून प्लंबरशी भांडत होतो. "वकीलकाका, बाबा गेले जी पहाटे," एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेलं भांडण पुरं केलं. प्लंबर गेल्यावर वणीच्या घरातल्या त्या ओल्या मोरीत उभा राहिलो, तेव्हा कुठे कळलं की उकंडराव गेला. मारेगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी काळा कोट घातला, तो बापाच्या शेतात गेला, पण आमचं अरेतुरे काही सुटलं नाही. आता मला "लेका वकिला" म्हणणारं कुणी उरलेलं नाही. हे लिहायला बसलो तरी उकंडरावचं एक प्रकरण मला आजही नीट समजलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

झडती म्हणजे पोलिसांची नव्हे. आमच्याकडे पोळ्याला गावचे बैल तोरणाखाली रांगेत उभे राहतात आणि माणसं एकापुढे एक चारोळी आरोळी देऊन म्हणतात. सावकार, पुढारी, जावई, कुणालाच त्यात सुट्टी नसते. शेवटी सगळं गाव महादेवाच्या नावानं गरजतं. उकंडराव एरवी इतका अबोल की बायकोशीसुद्धा मानेनंच बोलायचा, पण तोरणाखाली त्याचा आवाज आखराचं सगळं मैदान भरून टाकायचा. कापसाचे हाल सुरू झाले त्या वर्षांतली गोष्ट. खरेदी केंद्रासमोर गाड्यांची ही लांब रांग लागली होती. माझ्या वाट्याच्या शेताचा कापूस त्याच्याच गाडीत होता, म्हणून मीही भर दुपारी गाडीखालच्या सावलीत त्याच्याजवळ पडून होतो. काट्यावरचा साहेब जेवायला गेला तो गेलाच. उकंडराव जुवावर बोटं वाजवत काहीतरी पुटपुटायला लागला... अडला, परत मागे गेला, एक शब्द बदलला. आणि मग मला म्हणाला, "आयक."

गाडीभर कापूस, ओंजळभर भाव,
काट्यावरचा सायब इचारे नाव.
नाव माह्यं ढवळ्या, पवळ्या माह्यं गाव,
खाल्ली कोनं सरकी, ते तूच सांग राव!

त्या वर्षी पोळ्यात ही झडती अशी काही गाजली की पुढच्या वर्षी आजूबाजूच्या गावांतही म्हटली गेली. दोनेक वर्षांनी मुंबईचा एक तरुण माणूस रेकॉर्डर घेऊन पोळ्याला आला. लोककलांवर काम करतो म्हणाला. गावानं त्याला आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या, तुपाची वाटी संपू दिली नाही. पुढे एका फार मोठ्या मनोरंजन कंपनीचा सिनेमा आला आणि त्यात आमची सरकी नाचायला लागली! वणीच्या जीपमध्ये तीच, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये तीच. "खाल्ली कोनं सरकी" हे शब्द छापलेल्या टोप्यासुद्धा बाजारात आल्या. गावाला कोण आनंद! आपली झडती सिनेमात गेली म्हणून उकंडरावला लोकांनी हारसुद्धा घातला. मला तेव्हाच राग आला होता, पण तो म्हणाला, "जाऊ दे ना लेका. त्याइनं पोया पाह्यला, त्याइले आवडला."

नंतरच्या वर्षी गावातल्या पोरांनी उकंडरावच्या आवाजात पोळ्याच्या झडत्यांची सीडी काढून बाजारात विकली आणि थेट उकंडरावच्या घरी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. आमच्या मालकीची रचना तुम्ही परवानगीशिवाय गायलात, सीडी नष्ट करा, यापुढे ती रचना आणि नोंदणी केलेले टोप्यांवरचे शब्द जाहीरपणे वापराल तर दावा लावू. खताच्या पिशवीत नोटीस घालून तो माझ्याकडे आला. मी वाचून दाखवली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं.

"म्हंजे मले पोयात बोलता येनार नाई काय?"

त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. सीडीचं त्याला काही नव्हतं, टोप्यांचं तर नव्हतंच. वर्षातून एकदा तो बोलायचा, आणि ते बोलणंच कुणीतरी कुलूप लावून नेलं होतं. मी मात्र, खरं सांगतो, खूश झालो. आयुष्यभर बांध आणि वाटण्या यांतच वकिली गेलेली. कॉपीराइटचं पुस्तक नागपुरातून मागवलं, चष्मा पुसून पुसून वाचलं. रचना उकंडरावची, चोर कंपनी. उलट दावाच ठोकायचा! मी वकील, मला साक्षीदार होता येत नव्हतं, म्हणून फक्त गावातल्या चार जुन्या माणसांनी शपथेवर सांगायचं होतं, की ही झडती उकंडरावनं केली.

चार कसली, ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली. ऐन वेचणीचे दिवस, तरी हातातलं काम टाकून आली. माझ्या ऑफिसात बसायला जागा नव्हती, म्हणून सतरंजी अंगणात टाकली. पहिले बसले भगवान बुढे, गावात सर्वांत वडीलधारे. मी लिहिणाऱ्याला खूण केली आणि विचारलं, "बावा, ही झडती कोणाची?"

"आमच्या वाडवडिलाईची," बुढे छाती काढून म्हणाले.

मी समजावलं. ते अजून जोरात म्हणाले, "पयलेपासून हाये. माह्या आज्याच्या तोंडून आयकली मी." दुसऱ्यानं आज्याच्या जागी पणजा घातला. तिसरा म्हणाला, गाव बसलं तेव्हापासूनची आहे. एकावर एक चढच! मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे एखाद्या झडतीला चांगलं म्हणायचं तर ती जुनी म्हणतात. कालची, एकट्याची म्हणणं म्हणजे तिला हलकं करणं. ती सगळी भाबडी माणसं उकंडरावची बाजू मजबूत करत होती आणि एकेका वाक्यानं त्याचा दावा बुडवत होती. मी ओरडलो, "अहो, खरेदी केंद्र तुमच्या पणज्याच्या वेळी होतं काय?" भगवान बुढे शांतपणे म्हणाले, "सायब तं होता ना!"

शेवटी मी उकंडरावकडे वळलो. "तू सांग. गाडीखाली माझ्यासमोर केली की नाही?" त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं... "बोललो तं मीच," तो म्हणाला, "पन आली कुठून, ते मले काय मालूम?" मी पेन फेकलं.

तेच मग उत्तरात लिहावं लागलं. झडती परंपरेची, म्हणून कंपनीचीही नव्हे. कंपनीनं कळवलं, रचना पारंपरिक असेल तर पोळ्यात म्हणायला आमची हरकत नाही. टोप्यांवरचे शब्द मात्र त्यांचेच राहिले. गावानं गुलाल उधळला. आम्ही जिंकलो की हरलो, हे मला त्या दिवशी कळेना, आणि वकील असून आजही सांगता येत नाही. कधी कधी तर वाटतं, गाडीखाली मी ऐकलं ते तरी खरं की उन्हानं डोकं फिरलं होतं? इतकी माणसं शपथेवर सांगतात म्हणजे काय!

त्या पोळ्याला मी मुद्दाम गेलो. उकंडराव तोरणाखाली उभा राहिला, बैलाच्या पाठीवर हात ठेवला, आरोळी दिली, "गाडीभर कापूस..." आणि पुढची ओळ पोराटोरांनी सिनेमाच्या चालीवर उचलली, "मूठभर भाव!" सिनेमात तसंच होतं. तो क्षणभर थांबला. मग त्यांच्याबरोबर हसत हसत शेवटपर्यंत गेला. घरी परतताना मात्र रस्त्यात एकदम म्हणाला, "मूठभर नाई. ओंजळभर म्हनलं होतं मी. मूठ सायबाची रायते, ओंजळ आपली रायते."

"मग त्या दिवशी काहून नाही बोलला?" माझा आवाज चढला.

"लोकं वेचनी सोडून माह्यासाठी आल्ते. शपथ घेऊन बसले होते. मी त्याइले खोटं पाडू काय?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. की गाव म्हणतं ते त्यालाही थोडं खरं वाटत होतं? मी परत विचारलं नाही, आणि तोही त्यावर कधी बोलला नाही.

यंदाचा पोळा त्याच्यामागे तीन-चार आठवड्यांनीच आला. वर्षभर त्या घरात सण नाही, म्हणून त्याची बैलजोडी भगवान बुढ्यांनी तोरणाखाली नेली. आता ते पार वाकले आहेत, पण त्यांनी पोरांना हातानं गप्प केलं आणि थरथरत्या आवाजात उकंडरावची झडती म्हटली. ओंजळभर म्हणाले. मला राहवलं नाही. तोरण तुटून पोळा संपल्यावर जवळ जाऊन विचारलं, "बावा, आता तरी खरं सांगा. कोणाची झडती?"

"एकदा सांगतलं ना, वाडवडिलाईची," बुढे माझ्यावर खेकसले. मग कासरा आवळता आवळता त्यांचा हात थांबला. "आता उकंड्याबी त्याइच्यातच जाऊन बसला नं बावा. आमच्या आंधी."

मी बैलाच्या मानेआड तोंड लपवून रडलो.