भाऊजींच्या मांडीचं माप

आमच्या मोठ्या काकूला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. रस्त्यात कुणी भेटलं, दोन शब्द बोलून पुढे गेलं की ती मला हळूच विचारते, "कोण गं ही? डावा खांदा अर्धा इंच खाली असलेली?" शिवणकाम करते ती. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं टेबल, खिळ्याला अडकवलेली कात्री आणि जमिनीवर धाग्यांचे तुकडे. हे तुकडे आम्हा सगळ्यांच्या मोज्यांना चिकटून गावभर फिरतात. तिची स्वतःची उंची पाच फुटांच्या आतच. रागाचं माप मात्र कुणी घेतलं नव्हतं, निदान परवापरवापर्यंत.

माझे बाबा तिचे धाकटे दीर. शाळेत खेळाचे शिक्षक, सहा फुटांच्या वर, गळ्यात सदा शिट्टी. पोरं पाठीमागे त्यांना जिराफ म्हणतात, आणि ते त्यांना ठाऊक आहे. बाबा वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला जमेलच असं नाही. पण ज्या वस्तूला चाकं आहेत ती आपल्याच हातात शोभते, अशी त्यांची पक्की समजूत.

काका गेले तेव्हा मागे एक मोठी गाडी ठेवून गेले. काकाही बाबांसारखेच उंच, त्यामुळे गाडी त्यांच्या अंगाची. काकू त्यात बसली की तिला स्टिअरिंगच्या वरून आभाळ दिसायचं आणि बॉनेटपुढचा रस्ता अंदाजाने धरावा लागायचा. क्लच पुरता दाबायचा तर सीटवरून पुढे घसरावं लागे, आणि घसरलं की दिसत होतं तेवढंही दिसेनासं व्हायचं. तरी ती चालवायची. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे दुसरं कोण पोचवणार? तिने घट्ट कापूस भरून एक चौकोनी उशी शिवली. तिच्यावर बसून ती शाळेपर्यंत, बाजारापर्यंत व्यवस्थित जायची आणि यायची.

अडचण एकच होती. ती गाडी फाटकातून आत मागे घेऊ लागली की बाबा अंगणात उभे राहून शिट्टी वाजवायचे. 'थांबा'ची एक, 'या'च्या दोन, आणि वैताग आला की सलग. एका दुपारी त्यांनी पाठीमागून अशी काही फुंकली की काकू दचकली, तिचा पाय ब्रेकवरून निसटला आणि गाडी फाटकाच्या खांबाला भिडली.

गल्ली गोळा झाली. बाबांनी दार उघडलं, "आता पुरे, वहिनी," म्हणून किल्ली काढून घेतली आणि सीटवरची उशी उंच धरून सगळ्यांना दाखवली. "बघा आमची उशीबाई! अहो, गाडी चालवायला नजर लागते, उशी नाही." आणि ती रस्त्यात भिरकावली. लोक खदाखदा हसले. काकूने उशी उचलली, झटकली, आत नेऊन मशीनच्या स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर बसून उरलेली काजं पुरी केली. शिट्टीबद्दल ती कुणाला एक अक्षर बोलली नाही. मी पायरीवर बसून सगळं पाहिलं होतं, म्हणून मला माहीत.

तेव्हापासून ती किल्ली बाबांच्या खिशात. गणवेश पोचवायचे असले की काकूने विचारायचं, "भाऊजी, उद्या जमेल का?" बाबांनी घड्याळाकडे बघून उसासा टाकायचा. जाताना काकू मागच्या सीटवर, कारण पुढच्या सीटवर बाबांची चेंडूंची पिशवी. घरी कुणीही आलं की उशीबाईची गोष्ट ठरलेली, आणि दर खेपेला त्या गोष्टीत खांब थोडा जास्त वाकायचा. मी गाडी शिकायचा हट्ट धरला तेव्हा बाबा म्हणाले, "घरात एक उशीबाई पुरे." मी त्यांच्याएवढीच लांब, मला कसली उशी लागणार? पण ते बोलणं माझ्या जिव्हारी लागलं. मीही मनात दात धरून बसले.

मग काकूने स्वतःसाठी नवी छोटी गाडी घ्यायचं ठरवलं. ऐकल्याबरोबर बाबा खूश. "वा! घराला दोन गाड्या झाल्या. बाजारहाटाला बरी पडेल मला." म्हणजे हीही किल्ली कुठल्या खिशात जाणार ते ठरूनच गेलं. मला वाटलं, आता तरी ही भांडेल. काकूने दोऱ्याचं टोक दाताने तोडलं, टेप गळ्यात टाकली आणि मला म्हणाली, "चल गं, सोबतीला."

शोरूममध्ये टाय बांधलेला एक विक्रेता धावत आला. त्याने रंग सांगितले, डॅशबोर्डवरचा पडदा दाखवला, गाणं लावलं. काकू म्हणाली, "गाणी मी घरी ऐकते. दार उघडा."

मग तिने गाडी अशी बघायला घेतली, जशी ती गिऱ्हाईकाच्या अंगावर कच्चे टाके घातलेला कोट बघते. आधी उशीशिवाय बसली. पाठ सीटला टेकलेली ठेवून क्लच तळाला जातो का ते पाहिलं. हात लांब करून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकवलं. खांदे उचलावे लागले की लगेच बाहेर. मग मला बॉनेटसमोर उकिडवं बसवलं आणि तसंच मागे मागे सरकायला लावलं. "आता केस दिसले. आता कपाळ. हां, आता नाक." माझं नाक जितक्या जवळून दिसेल तितकी गाडी बरी. त्यानंतर मला पुढच्या कोपऱ्यातून आडवं चालवलं, काचेच्या कडेच्या खांबामागे मी किती लपते ते बघायला. एका गाडीत मी अख्खीच्या अख्खी गडप झाले.

"या खांबामागे सायकलसकट माणूस मावेल," काकू म्हणाली.

"पण मॅडम, हिच्यात सहा एअरबॅग आहेत."

"त्या आपटल्यानंतरच्या. मला मुळात आपटायचंच नाहीये."

विक्रेत्याने टाय सैल केला. शेवटी ती मागच्या काचेकडे वळली. मागची काच तिला मोठी हवी होती, आणि त्याबाबतीत ती कुणाचं काही ऐकेना.

प्रत्येक गाडीत ती स्वतः बसून झाली की मला म्हणे, "आता तू बस." सीट पार मागे सरकवायला लावी आणि विचारपूस करी. गुडघा लागतो का? मान ताठ राहते का? वरचं काही दिसतं का? मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या वर्षांत त्या घरात माझ्या बसण्याउठण्याची चौकशी पहिल्यांदाच होत होती. ही मला शिकवणार, आपली गाडी मलाही देणार, असं धरून मी मनापासून उत्तरं देत होते. तिसऱ्या गाडीत मी अगदी ऐसपैस मावले. "काकू, हीच घे!"

"ही नको," काकू म्हणाली आणि पुढे गेली.

चौथी गाडी तिच्या अंगाला चोख बसत होती. पाय पोचत होते, नजर पोचत होती, मागची काच तर दुकानाच्या दर्शनी काचेसारखी. मी बसले आणि माझा गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. सीट आधीच शेवटच्या खाचेत, उंची कमी करायची सोयच नाही. डोकं वर टेकत होतं. टपाची कड इतकी खाली आली होती की समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसेना, आणि मधला आरसा बरोब्बर डोळ्यांसमोर.

"काकू, ही मुळीच नको. माझी पार घडी झालीये."

"चौकापर्यंत नेशील?"

"फाटकापर्यंत नाही नेणार!"

काकूने टेप काढली आणि तिथेच, त्या टायवाल्यासमोर, माझं कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "भाऊजींची मांडी तुझ्याहून अर्धा इंच जास्त आहे. त्यांच्या सगळ्या पँटी मीच शिवल्यात." आणि विक्रेत्याकडे वळून म्हणाली, "ही द्या."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती माझी काळजी करत नव्हती. बापाऐवजी मला बसवून बघत होती. क्षणभर मला भयंकर वाईट वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी बाबांची सहा फुटी काया त्या जागेत कोंबलेली डोळ्यांपुढे आली आणि माझं सगळं वाईट वाटणं पळालं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, घरी उंच माणसं असतील तर जरा विचार..."

"विचार करूनच घेतलीये," या वेळी मीच म्हणाले.

गाडी घरी आली त्या दिवशी बाबा फाटकात तयारच होते. आई दारात उभी. बाबांनी हात पुढे केला. "आणा वहिनी. पहिली फेरी मी मारतो, गाडीचा स्वभाव कळतो." काकूने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. "घ्या की, भाऊजी." आणि नेहमीसारखी मागे जाऊन बसली. मी पुढे, बाबांच्या शेजारी. जमलं त्यांना, तर?

बाबा आधी डोकं घालून बसायला गेले, मग पाय घालून, मग पुन्हा बाहेर येऊन तिरपे. सीट मागे सरकवायला त्यांनी खालचा दांडा ओढला, परत ओढला. "शेवटपर्यंत आहे ती," काकू मागून म्हणाली. निघालो. पहिल्या वळणावर स्टिअरिंग गुडघ्याला अडलं आणि कोपर लागून वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर खरखर खरखर. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा बाबांना दिवाच दिसेना. ते मान वाकवून, हनुवटी स्टिअरिंगला लावून वर बघू लागले. हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि बाबा अजून दिवा शोधतायत. "झाला का? झाला का गं?" असं त्यांनी मला विचारलं. बाबांनी! मला!

मी लगेच सांगितलं नाही. अजून चार हॉर्न वाजू दिले.

घरापाशी येऊन त्यांनी गाडी मागे घ्यायला काढली. मान वळवायला जागाच नव्हती. गाडी गल्लीत आडवी झाली, दोन्हीकडे लोक खोळंबले, आणि मग गाडी बंद पडली. त्या दिवशीचेच शेजारी, त्याच खिडक्यांतून बघत होते. बाबांचा चेहरा घामेजून लाल झाला होता. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्हीच लावा."

बाबा एकेक पाय सोडवत उतरले. काकू पुढे बसली, सीट दोन खाचा पुढे घेतली आणि काच खाली केली. "भाऊजी, शिट्टी वाजवायची असेल तर वाजवा. मला आता सगळं दिसतंय." बाबांचा हात गळ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. काकूने दोन्ही खांबांना समान जागा सोडून गाडी एका दमात आत लावली, किल्ली काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. आईने पदरात तोंड लपवलं. ती रडत नव्हती हे मी पैजेवर सांगते.

इतक्यावर भागलं असतं तर आपण म्हटलं असतं, झालं उट्टं काढून. पण काकूने मोकळा हात बाबांपुढे धरला. "आता जुनीची किल्ली."

"जुनीची? कशाला?"

"पोरीला शिकवायचीये. ती गाडी हिच्या अंगाची आहे. आणि माझ्या नवऱ्याची आहे."

"आणि मी शाळेत कसा जाऊ?"

"मी सोडते की. गणवेश घेऊन त्याच शाळेत तर जाते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूची बाजू सोडावी असं त्यांना वाटत असणार. मी हात पुढे केला, काकूच्या हाताशेजारी. किल्ली माझ्या तळहातावर पडली तेव्हा ती त्यांच्या खिशाच्या उबेने गरम होती.

शिकायला मला फार दिवस लागले नाहीत. मला त्या गाडीतून सगळं दिसतं, बॉनेटचं टोकसुद्धा. आता रोज सकाळी आम्ही दोघी एकामागोमाग निघतो, माझं ऑफिस शाळेच्याच रस्त्यावर आहे. काकूच्या गाडीत पुढच्या सीटवर गणवेशांचे गठ्ठे असतात, म्हणून बाबा मागे. पहिल्याच दिवशी काकूने मशीनच्या स्टुलावरची ती चौकोनी उशी आणून मागच्या सीटवर ठेवली आणि म्हणाली, "बसा भाऊजी, खास तुमच्यासाठी." उशीवर बसलं की त्यांचं डोकं टपाला टेकतं. ती काढून बाजूला ठेवायची त्यांची अजून हिंमत झालेली नाही.

मी मुद्दाम त्यांच्या मागेच गाडी ठेवते. काकूने मागची काच मोठी बघून घेतली होती ती कशासाठी, हे मला आता कळतं. शाळेच्या फाटकापर्यंत बाबांची वाकलेली मान मला स्पष्ट दिसते, आणि फाटकात उभ्या पोरांनाही.