सोबतीची काठी

आमच्या घरात धावायला सुरुवात मी केली, धाकटीने नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता अंबडमध्ये कुणालाही विचारलंत तर उलटंच सांगतील.

माझी शुगर काठावर आली होती. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रोज चालायला सांगितलं. चालून चालून कंटाळा आला म्हणून एक दिवस विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळून पाहिलं. दम लागला, पण असं काही बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी दोन खांब पळाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवस पोरांचा, संध्याकाळ घराची, रात्र भांड्यांची. पहाटेचा तेवढा पाऊण तास कुणाचाच नव्हता, म्हणून तो माझा झाला.

अडचण एकच होती, सासूबाई. शहागडच्या रस्त्यावर हंगामात पहाटेपासून उसाचे ट्रॅक्टर सुरू असतात, मोकाट कुत्री असतात, आणि अशा अंधारात घरची सून एकटी जाणार हे त्यांच्या गळी उतरणं शक्य नव्हतं. पण डॉक्टरांचा शब्दही मोडवत नव्हता. मग त्यांनी तोड काढली आणि धाकटीला माझ्याबरोबर धाडलं. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. अंकुशनगरकडच्या एका खेड्यातली, आईबाप ऊसतोडीला जाणारे, दहावीनंतर शाळा सुटलेली. सासूबाईंनी तिच्या हातात कुत्र्यांसाठी वेळूची काठी दिली आणि बजावलं, "तिला एकलीला सोडायचं न्हाई. ती पुढं, तू मागं."

तशी ती येऊ लागली. पायात दिराचे जुने कॅनव्हासचे बूट, मोठे होतात म्हणून पुढं कापूस कोंबलेला. ओढणी कमरेला आवळलेली, हातात काठी. माझ्या पायात चांगले रनिंगचे शूज, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. मी तिला शिकवायचे. श्वास नाकाने घे, खांदे सैल सोड, टाच आपटू नको. ती "हो ताई" म्हणायची आणि दहा पावलं मागून येत राहायची. तिच्याकडे बघून मला जरा दया यायची. दुसऱ्याची दया येण्यासारखं सुख नाही.

हिवाळा असा गेला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही घरापासून चांगल्या दोन किलोमीटरवर असताना ती एकदम थांबली. "ताई, बारीक गॅसवर दूध राह्यलं," म्हणाली आणि मागे वळली.

मी तिला पळताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आधी जे रोज बघत होते ते पळणं नव्हतंच. काठी आडवी धरून ती अशी निघाली की रस्त्याच्या कडेने जाणारा दूधवाला मोटारसायकल हळू करून बघत राहिला. मी जीव तोडून मागे धावले. घरी पोचले तेव्हा दूध उतरवलेलं होतं, ओटा पुसलेला होता आणि ती चहाला आधण ठेवत होती. तिला साधी धापही लागलेली नव्हती. मला म्हणाली, "वाचलं बाई. उतू गेलं न्हाई."

त्या दिवशी मी तिच्या हातचा चहा घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणाले. दुखत होतं ते डोकं नव्हतं.

म्हणजे तीन महिने ही बाई माझ्या मागे पाय आवरून चालत होती. मी नाकाने श्वास घे म्हणून सांगत होते आणि ही "हो ताई" म्हणत होती. मनातल्या मनात हसत असेल, असं वाटून माझा तिळपापड व्हायचा. ती हसत नव्हती, हे कळल्यावर तर जास्तच. तिला त्यात काही विशेष वाटतच नव्हतं. माहेरी शाळा पाच किलोमीटरवर, एस.टी. चुकली की पळायचं, एवढंच तिने मला सांगितलं. मी पगारातून शूज घेतले, घड्याळ घेतलं, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डोळे दुखवून घेतले, आणि हिला एस.टी. चुकल्याने सगळं आयतं मिळालं.

मग मला तिचं सगळंच खुपू लागलं. तिच्या भाकरी पातळ होतात ते, तिला शुगर नाही ते, सासूबाई तिच्याशी बोलताना आवाज मऊ करतात ते. माझे जुने शूज कपाटाखाली पडून होते. तळवा जरा झिजलेला, बाकी धडधाकट. तिचा नि माझा पाय एका मापाचा आहे, हे मला माहीत होतं. रोज पहाटे ती त्या बुटांत कापूस कोंबत बसायची आणि मी कपाटाकडे पाठ करून उभी राहायचे. इतकी मी खाली आले होते.

एप्रिलात जयंतीनिमित्त आमच्या गावात मॅरेथॉन ठेवतात. आमच्याकडे पाच किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात. महिलांच्या गटात पहिल्या तिघींना ढाल मिळते. मी शाळेत सगळ्यांना सांगून बसले होते की या वेळी माझा नंबर येणार. मुख्याध्यापकांनी तर परिपाठात मला उभं करून टाळ्याही वाजवून घेतल्या होत्या. आणि सासूबाई म्हणाल्या, दोघी जात असाल तर जा, न्हाईतर कुणीच न्हाई. म्हणजे धाकटीचा फॉर्म मला माझ्याच अक्षरात भरावा लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शर्यतीच्या दिवशी तहसीलसमोर निळ्या झेंड्यांची रांग लागली होती, स्पीकर सुरू होता, ट्रॅक पँट घातलेल्या कॉलेजच्या पोरी पाय झाडत पुढे उभ्या होत्या. धाकटीला काठी घरी ठेवायला लावली होती, त्यामुळे हातांचं काय करावं हे तिला कळेना. शेवटी तिने ओढणीचं टोक धरलं. त्या टोकात गुळाचा खडा बांधलेला होता. गोळीने माझी शुगर एकदम उतरली तर असावा म्हणून सासूबाईंनी दिलेला.

आम्ही निघालो. ती सवयीने दहा पावलं मागे. पेट्रोलपंपाशी वळायचं होतं. अर्ध्यातून कुणी परत फिरू नये म्हणून तिथे प्रत्येकीच्या मनगटात रबर अडकवत होते. रबर घेताना मी मोजलं, आमच्या पुढे फक्त चौघी होत्या आणि त्याही फार लांब नव्हत्या. धाकटी माझ्या बरोबरीने आली. तोंड मिटलेलं, श्वास नाकाने.

"ताई, चौघीच हायेत पुढं. जाऊ का मी?"

तिने विचारलं. नुसती निघून गेली असती तर मी आयुष्यभर तिला नावं ठेवली असती आणि सुखाने जळले असते. पण तिने माझी परवानगी मागितली. ती पहिली आली असती, यात मला शंका नव्हती. ढाल, टाळ्या, पेपरात फोटो, आणि शाळेत मला विचारलं जाणार, तुमच्या जाऊबाईच का हो त्या? हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

मी कपाळाला हात लावला. म्हणाले, "मला चक्कर येतेय गं. शुगर उतरली वाटतं. सोबत राहा."

ती लगेच हळू झाली. पळता पळताच तिने ओढणीची गाठ दातांनी सोडली आणि गूळ माझ्या हातात दिला. मला काही झालेलंच नव्हतं. मी तो खाल्ल्यासारखं केलं आणि मुठीत दाबून ठेवला. ती माझ्या दंडाला हात लावून पळत राहिली. मध्येच विचारायची, "थांबायचं का? पाणी आणू का?" मी मान हलवत होते.

शेवटचं वळण आलं. पुढच्या पोरी सुरुवातीलाच सुसाट सुटलेल्या, त्यातल्या दोघींचा दम संपला होता. एक तर कंबर धरून चालायलाच लागली होती. तिला आम्ही मागे टाकलं. तिसऱ्या नंबरची पोरगी माझ्यापासून वीस पावलांवर अडखळत होती, पलीकडे दोरी दिसत होती. आणि मी सुटले. दंडावरचा हात झटकून, होतं नव्हतं ते सगळं पायांत आणून मी त्या पोरीच्या पुढे गेले. चक्कर आलीय हे मी साफ विसरले.

तिसरा नंबर आला. माझ्यामागून धाकटी चौथी आली. चौथ्या नंबराला काही नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. मूठ उघडी होती. गूळ कुठे पडला, मला ठाऊक नाही.

घरी सासूबाईंनी ढाल हातात घेऊन उलटसुलट पाहिली. धाकटीला विचारलं, "अन् तुझा कितवा?"

"मी सोबत होते," ती म्हणाली आणि आत जाऊन भात लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात ती नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. गुडघा दुखतो, असं तिने सासूबाईंना सांगितलं होतं. सासूबाईंनी मग मलाही थांबवलं. सोबत नाही तर जायचं नाही, नियम तोच. शाळेत माझा सत्कार झाला, नारळ दिला, आणि माझा पाऊण तास माझ्या हातून गेला. पाच पहाटा मी जागी होऊन छताकडे बघत पडून राहिले. लाज तर वाटत होतीच, पण खरं सांगते, आपलं पळणं गेलं याचंच दुःख जास्त होतं.

सहाव्या दिवशी ती भाकरी थापत असताना मी शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "मला त्या दिवशी चक्कर आली नव्हती."

तिचा हात थांबला नाही. "माहितीय. गूळ तुम्ही खाल्लाच न्हाई. मुठीत होता."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाली, "उद्या येते मी. पण सोबत म्हणून न्हाई येणार. मी पुढं गेले तर हाक मारायची न्हाई."

मी हो म्हणाले. रात्री कपाटाखालचे शूज काढून तिच्या दारापाशी ठेवले.

पहाटे ती ते घालूनच अंगणात आली. बरोबर बसले होते. इतके दिवस कुठे होते, हे तिने विचारलं नाही. सासूबाईंना वाटलं, आम्ही नेहमीसारख्याच निघालो. गल्ली संपेपर्यंत ती माझ्या शेजारून चालली. रस्ता लागला तशी तिने काठी माझ्या हातात दिली.

"ही तुमच्यापाशी असू द्या. पंपाजवळ कुत्री असतात."

आणि ती निघाली. रिकाम्या हातांनी, कुणासाठीही पाय न आवरता. चार खांब, सहा खांब, मग ओढणीचा रंगही दिसेना. हाक ओठांवर आली होती, ती मी गिळली. समोरून ट्रॅक्टर आला, कडेला एक कुत्रं उठून उभं राहिलं. मी काठी घट्ट धरली आणि पळायला लागले. ती फार सुंदर पळते, आणि मला ते आजही बघवत नाही.